दुसऱ्या माणसाची वाट

ताई,
मी एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, वय ३४. आमच्याकडे दर शिफ्टला मशीनची सुरक्षा-तपासणी करून चेकलिस्ट भरायची असते. गार्ड, म्हणजे मशीनवरचं संरक्षक झाकण, जागेवर आहे का, इमर्जन्सी स्टॉप दाबल्यावर मशीन खरंच थांबतं का, गार्ड उघडला की इंटरलॉक मशीन बंद करतो का, वगैरे. प्रत्यक्षात मशीनजवळ कुणी जात नाही. टेबलाशी बसून आठवडाभराच्या टिका एकदम मारल्या जातात आणि खाली सह्या होतात. मीही सात वर्षं तेच केलं. चार महिन्यांपूर्वी एका मुलाचा हात थोडक्यात वाचला. गार्ड उघडल्यावर मशीन थांबायला हवं होतं, ते थांबलं नाही. त्या दिवशीच्या चेकलिस्टवर ‘इंटरलॉक ठीक’ असं होतं आणि खाली माझी सही होती. तेव्हापासून न तपासता मी सही करत नाही.
इन्चार्ज विचारतात, ‘तू एकटाच शहाणा का?’ सहकारी जेवायला माझ्या शेजारी बसत नाहीत. ज्यांचे हात वाचावेत म्हणून हे करतोय तेच चिडतात, कारण तपासणीत वेळ जातो आणि उत्पादनाचा आकडा मागे पडतो. मला ‘हीरो’ असं नाव पडलंय. बायको म्हणते, नोकरी सांभाळा. एवढी एकच गोष्ट झाली की नवीन लागलेला एक मुलगा परवा शिफ्ट सुटल्यावर आला, आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाला, ‘सर, इंटरलॉक तपासायचा कसा असतो?’
एकट्याने असं अडून राहून काही बदलतं का? की मीही गपचूप सही करायला लागू? की नोकरीच सोडू?
– एक अस्वस्थ मेंटेनन्सवाला

नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या नव्या मुलाच्या प्रश्नापाशी थांबले. तुम्ही तो जाता जाता, ‘एवढी एकच गोष्ट’ म्हणून लिहिलाय. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच सापडतं, आणि ते ‘हो, बदलतं’ असं आहे. मात्र ते कसं बदलतं हे नीट ध्यानात घेतलं नाहीत तर येत्या काही महिन्यांत तुम्ही थकून जाल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्याआधी एक सांगायचंय. ‘खाली माझी सही होती’ हे वाक्य तुम्ही गाळू शकला असता. गाळलं नाहीत. आपणही सात वर्षं हेच करत होतो असं कबूल करून जो थांबतो, त्याच्या थांबण्याला वजन असतं. हे वजन पुढे तुमच्या फार उपयोगी पडणार आहे.

१९५०च्या दशकात सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत काही साधे प्रयोग केले. एका खोलीत सात-आठ जण बसवायचे, त्यांना एक रेघ दाखवायची, आणि शेजारच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कुठली ते एकेकाने मोठ्याने सांगायचं. लहान मुलालाही जमावं इतकं ते उघड. पण त्या खोलीत खरा अनभिज्ञ माणूस एकच असे. बाकीचे आधी ठरवून आलेले असत आणि ठरलेल्या वेळी सगळे मिळून एकच चुकीचं उत्तर देत. त्या एकट्याची पाळी शेवटी शेवटी येई. सगळा हिशेब केला तेव्हा दिसलं की अशा वेळी साधारण तीनांतून एकदा माणसाने स्वतःच्या डोळ्यांना दिसणारं सोडून गटाचं उत्तर दिलं होतं. चारांतले तिघे निदान एकदा तरी घसरले होते.

इथवर पुष्कळांना ठाऊक असतं. पुढचं फारसं सांगितलं जात नाही, आणि तेच तुमच्या कामाचं आहे. अ‍ॅशने मग त्या ठरवून आलेल्यांपैकी एकालाच खरं उत्तर द्यायला सांगितलं. बाकी सगळे पूर्वीसारखेच एकमुखाने चुकत राहिले. तेवढ्याने चुकीच्या उत्तरांचं प्रमाण आधीच्या चौथाईवर आलं. बहुमत होतं तसंच होतं, फक्त एकमत मोडलं होतं. त्याहून नवल असं की तो एक जण गटापेक्षा वेगळं, पण तेही चुकीचंच उत्तर द्यायचा तेव्हासुद्धा त्या बिचाऱ्या एकट्याला आपल्याला दिसतं ते बोलणं सोपं जायचं. इथे वेगळं बोललं तर आकाश कोसळत नाही, एवढं कुणीतरी त्याच्यासमोर करून दाखवायला हवं होतं.

तुमच्या मशीनच्या ओळीत गेल्या चार महिन्यांत नेमकं हेच झालंय. तुम्ही कुणाचं मन वळवलेलं नाही, नियम बदललेला नाही, इन्चार्जही होते तिथेच आहेत. पण आधी त्या कागदावरची सही ही श्वासासारखी आपोआप होणारी गोष्ट होती. आता सही करणाऱ्या प्रत्येकाला क्षणभर तरी तुम्ही आठवता. ज्याला आठवल्यावर चैन पडत नाही, तो तुम्हाला हीरो म्हणतो. आणि ज्याला ते विचारावंसं वाटतं, तो शिफ्ट सुटेपर्यंत थांबून राहतो.

सहकाऱ्यांच्या रागाविषयी मी अनुभवाने बोलू शकते, कारण मी त्या बाजूला बसलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका संस्थेत काम करायचे. हिशेबाच्या बैठकीत आमच्यातली एक जण उभी राहिली आणि म्हणाली, ‘हा आकडा खरा नाही. मी याला हात वर करणार नाही.’ ती खरं बोलतेय हे मला माहीत होतं. मी हात वर केला. त्यानंतर कित्येक दिवस मला तिचाच राग येत होता. समोरून आली की मी मान वळवायचे. हिला फार मोठेपणा हवाय, असं मी दोघातिघांना बोललेही. तो राग म्हणजे माझी लाज होती, हे कळायला मला वेळ लागला. दोन वर्षांनी दुसऱ्या ठिकाणी तशीच वेळ आली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तीच उभी राहिली, आणि या वेळी मी हात खाली ठेवला. तिला हे कधीच कळलं नाही. मी कळवायला हवं होतं, आणि ते न कळवल्याचं मला आजही वाईट वाटतं.

हे मुद्दाम लिहिलं. तुमच्यामुळे कुणाच्या मनात काय हललं याचा बराचसा भाग तुम्हाला कधीच दिसणार नाही. शेजारची रिकामी खुर्ची दिसेल. बैठकीतली शांतता ऐकू येईल. म्हणून त्या खुर्चीवरून हिशेब मांडू नका.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये यासाठी एक सोपं गणित मांडलं होतं. समजा चौकात शंभर माणसं आहेत. त्यांतला पहिला कुणाचीही वाट न बघता पुढे होणारा आहे. दुसरा, कुणीतरी एक जण पुढे गेलाय असं दिसलं की निघणारा. तिसऱ्याला दोघं दिसायला हवेत, चौथ्याला तिघं, असं करत शंभराव्याला नव्व्याण्णव. अशा जमावात पहिला निघाला की बघता बघता सगळे शंभर निघतात. आता त्यात एकच बदल करा. ज्याला एक जण पुरेसा होता, त्याच्या जागी दोघं लागणारा माणूस ठेवा. पहिला निघतो, आणि एकटाच राहतो. बाकीचे नव्व्याण्णव जागचे हलत नाहीत. बाहेरून बघणारा म्हणेल, पहिल्या जमावात सगळे शूर होते आणि दुसऱ्यात एक वेडा आणि बाकी भेकड. प्रत्यक्षात दोन्ही जमाव जवळजवळ सारखेच आहेत. फरक आहे तो एका माणसाच्या मनातल्या ‘किती जण पुढे गेल्यावर मी जाऊ’ या आकड्याचा.

तुम्ही पहिले आहात, आणि पहिल्याचं काम तुम्ही केलंत. आता सगळं त्या दुसऱ्यावर आहे. बंडखोरांच्या गोष्टी सांगताना आपण या दुसऱ्याला नेहमी गाळतो. मला तर वाटतं, त्यामुळेच एकट्या पडलेल्या प्रत्येक माणसाला आपण नापास झालो असं वाटत राहतं.

अमेरिकेत माँटगोमेरी शहरात १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स ही कृष्णवर्णीय बाई बसमधली आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडेना आणि तिला अटक झाली. एक दमलेली बाई बसून राहिली आणि इतिहास बदलला, अशी ती गोष्ट सांगतात. पण त्याच शहरात त्याच वर्षी २ मार्चला क्लॉडेट कॉल्व्हिन नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीने हेच केलं होतं. तिलाही अटक झाली होती, आणि तेव्हा शहर थांबलं नव्हतं. पार्क्स कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेत कित्येक वर्षं सचिव म्हणून काम करत होत्या, त्या मुलीला ओळखत होत्या. पार्क्सना अटक झाली त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापक बाईंनी कॉलेजच्या यंत्रावर बसवर बहिष्कार टाका असं सांगणारी हजारो पत्रकं छापून काढली. नंतर ३८१ दिवस लोक पायी चालले, पण बसमध्ये बसले नाहीत. आणि बसमधला भेदभाव कायद्याने मोडला तो ज्या खटल्यामुळे, त्यात फिर्यादी म्हणून उभ्या राहिलेल्या चार स्त्रियांमध्ये ती शाळकरी मुलगी होती. मार्चमध्ये तिला कुणी विचारलं असतं, ‘तू एकटीने काय केलंस?’ तर ती काय सांगणार होती?

आता तुमच्या सहीशी थेट नातं असलेला एक माणूस. अ‍ॅलन मॅकडोनाल्ड. चॅलेंजर या अवकाशयानाचे घन-इंधनाचे रॉकेट बनवणाऱ्या कंपनीत ते त्या प्रकल्पाचे प्रमुख होते. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी असणार म्हणून कंपनीतल्या इंजिनिअरांनी उड्डाण नको असं सांगितलं. थंडीत रॉकेटच्या सांध्यातले रबरी रिंग आखडतात, गॅस गळू शकतो, ही त्यांची भीती होती. वरून दबाव आला, कंपनीच्या व्यवस्थापनाने मत फिरवलं, आणि उड्डाणाला मंजुरी देणाऱ्या कागदावर सही करायची पाळी मॅकडोनाल्ड यांच्यावर आली. त्यांनी सही केली नाही.

त्यांच्या वरिष्ठांनी केली. सकाळी यान उडालं आणि ७३ सेकंदांत सात माणसं गेली.

म्हणजे त्या रात्रीपुरतं बघितलं तर त्यांच्या नकाराने काही थांबलं नाही. माणूस एकटा उभा राहिला की जग ताळ्यावर येतं, असं खोटं आश्वासन मी तुम्हाला देणार नाही. पण पुढचं बघा. चौकशी आयोगासमोर बैठक चालू असताना मॅकडोनाल्ड मागच्या खुर्चीवरून उठले आणि सांगितलं की आम्ही उड्डाण नको म्हणालो होतो. कंपनीने त्यांना बाजूला सारलं. मग अमेरिकेच्या काँग्रेसमधून दबाव आला, आणि त्याच सांध्याची नवी रचना करण्याचं काम कंपनीला त्यांच्याकडेच सोपवावं लागलं. १९८८ पासून २०११ पर्यंत शटलची, म्हणजे चॅलेंजरसारख्या यानांची, ११० उड्डाणं झाली. पुढे कोलंबिया यान वेगळ्या कारणाने गेलं, पण हा सांधा पुन्हा निकामी झाला नाही. न केलेल्या सहीमुळे त्यांच्या शब्दाला किंमत होती. त्या रात्री सही करून बसले असते तर आयोगापुढे ते कुठल्या तोंडाने उठले असते?

तुमचा दुसरा प्रश्न, गपचूप सही करायला लागू का. माझं स्पष्ट उत्तर ‘नको’ असं आहे, आणि त्याचं कारण पुन्हा अ‍ॅशच्या खोलीत सापडतं. त्याने आणखी दोन गोष्टी करून पाहिल्या होत्या. एका प्रयोगात खरं बोलणारा तो साथीदार अर्ध्यावाटेत गटाला जाऊन मिळाला आणि त्यांच्यासारखंच चुकीचं उत्तर देऊ लागला. लगेच त्या एकट्याच्या चुका वाढल्या, जणू साथ कधी मिळालीच नव्हती. दुसऱ्या प्रयोगात साथीदार काही निमित्त काढून खोलीतून निघून गेला. तेव्हाही चुका वाढल्या, पण बऱ्याच कमी. गेलेल्या माणसाचा आधार तो गेल्यावरही थोडा टिकला. फिरलेल्या माणसाचा मुळीच टिकला नाही.

तुम्ही आता फिरलात तर तो मुलगा काय शिकेल ते बघा. इथे विरोध करणारे होते, तेही शेवटी सही करतात, मग आपण कशाला जीव काढायचा? तुम्ही कधी विरोधच केला नसता तर तो निदान हा धडा शिकला नसता. हे वाचायला कठोर आहे, मला कळतंय. पण तुमच्याइतकं प्रामाणिक पत्र लिहिणाऱ्याला गोडगोड लिहून पाठवणं मला बरोबर वाटत नाही.

याचाच दुसरा अर्थ असा की तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला वाटतं तितकं वाईट नाही. नोकरी सोडणं म्हणजे हरणं असं समजू नका. घर आहे, बायको आहे, तिची भीती खरी आहे. ती नोकरी सांभाळा म्हणते ते तुमच्यावर अविश्वास म्हणून नव्हे, तर महिनाअखेर तिलाही दिसते म्हणून. तिच्याशी बसा आणि आकडे मांडा: पगार नसेल तर किती महिने चालेल, दुसरीकडे कुठे विचारून ठेवता येईल, कुठल्या गोष्टीला आपण दोघं मिळून ‘आता पुरे’ म्हणायचं. ही रेघ आधीच ओढून ठेवली की रोज सकाळी नव्याने घाबरावं लागत नाही. आणि तिलाही या गोष्टीत घ्या. तो हात कसा वाचला ते तुम्ही तिला सगळं सांगितलंय का? पत्रावरून मला तसं वाटलं नाही. बाहेर एकटं पडणं माणूस सोसतो, पण घरातही एकटा पडला की तो मोडतो.

मात्र सोडायचीच वेळ आली तर का सोडताय ते लिहून, तारीख घालून, सांगून सोडा. खोलीतून निघून जाणं चालेल. गटात मिसळून जाणं नको.

पण ती वेळ अजून आलेली नाही. आत राहून तुम्ही बरंच करू शकता, आणि इथे मला एका अशा माणसाबद्दल सांगायचंय जो शंभर टक्के बरोबर होता आणि तरीही हरला. इग्नाझ सेमेलवाइस, व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयातला डॉक्टर. १८४७ मध्ये त्याने आपल्या प्रसूती विभागात डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. त्या एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बाळंतिणी मरत होत्या, जूनपर्यंत हे प्रमाण दोनच्या आसपास आलं. इतका ढळढळीत पुरावा. तरी बहुतेक बड्या डॉक्टरांनी त्याला धुडकावून लावलं. कारणं अनेक होती. जंतूंचं शास्त्र अजून यायचं होतं, आणि त्याने आपलं म्हणणं पुस्तकरूपाने सविस्तर मांडायला १८६१ पर्यंत वेळ घेतला. पण मला सगळ्यात जास्त सलणारं कारण वेगळं आहे. तो जे सांगत होता त्याचा अर्थ होता, ‘तुमच्याच हातांनी या बायका मेल्या.’ इतकी वर्षं रुग्ण वाचवल्याच्या समाधानात जगलेल्या माणसाला हे ऐकवणार कसं? पुढे पुढे संतापून त्याने उघड पत्रं लिहिली आणि विरोधकांना खुनी म्हटलं. १८६५ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, वेड्यांच्या रुग्णालयात तो गेला. त्याचा संताप मला पूर्ण समजतो. पण त्या पत्रांनी किती डॉक्टरांनी हात धुतले असतील?

तुमचा नकारही सहकाऱ्यांना तेच सांगतो. ‘तुमच्या सह्या खोट्या आहेत’ असं तुम्ही तोंडाने म्हणाला नसलात तरी त्यांना तेच ऐकू येतं. इथे तुमची ती सात वर्षं कामी येतात. ‘तुम्ही खोटं लिहिता’ आणि ‘मी सात वर्षं खोटं लिहिलं, आणि एका पोराचा हात जाता जाता राहिला’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात समोरचा आरोपी होतो. दुसऱ्यात तो तुमच्या शेजारी बसू शकतो, कारण तुम्ही आधीच त्या बाकावर बसलेले आहात. कुणाशी एकट्याने बोलायची वेळ आली तर इथून सुरुवात करा, आणि चारचौघांत कुणाला उघडं पाडू नका. ज्याला सगळ्यांसमोर खोटं ठरवलं जातं तो मग आयुष्यभर तेच खरं म्हणून भांडतो.

इन्चार्जशी मात्र तोंडी वाद घालू नका. लिहून द्या, थोडक्यात आणि शांत शब्दांत: अमुक तारखेला, अमुक मशीन, तपासलं, इंटरलॉक चालत नव्हता, दुरुस्ती हवी. जिथे वेळ मिळाला नाही तिथे ‘तपासलं नाही’ असंच लिहा, रकाना रिकामा सोडू नका. प्रत आपल्याकडे ठेवा. एका मशीनच्या तपासणीला खरंच किती मिनिटं लागतात तेही मोजून लिहा. ‘वेळ जातो’ ही तक्रार आज हवेत आहे. आकडा समोर आला की तिच्यावर बोलता येईल, कदाचित शिफ्ट बदलतानाच्या वेळात ते बसवताही येईल. तुम्ही काम अडवणारे आहात की काम नीट करणारे, हे या कागदांवरून ठरणार आहे. कारखान्यात सुरक्षा समिती असेल, युनियन असेल, तर त्यांनाही हेच कागद द्या. कारखान्यांची तपासणी करणारं सरकारी खातंही असतं, पण त्या वाटेने जाण्याआधी जाणत्या वकिलाशी बोला, कारण तिथून परत फिरता येत नाही.

आणखी एक, जरा नाजूक. चार महिने एकट्याने लढलं की माणसाला एकटेपणाचीच सवय लागते. कळत नकळत आपणच काय ते खरे, बाकी सगळे विकले गेलेले, असं वाटू लागतं. प्रत्येक बंडखोर बरोबर असतोच असं नाही, जगाचं नुकसान केलेले हट्टी लोकही एकटेच उभे होते. मी स्वतःला एक प्रश्न विचारते, तो तुम्हाला देते: मी चुकतोय हे मला कशाने पटेल? तुमच्या बाबतीत उत्तर सोपं आहे. बटण दाबा, मशीन थांबलं तर ठीक लिहा. तुमच्या बंडाची कसोटी कुणीही, कधीही, तुमच्याशिवाय घेऊ शकतो. म्हणूनच मला ते इतकं भरवशाचं वाटतं. ज्या दिवशी एखादा सहकारी तपासून दाखवेल की तुम्ही एका मशीनबद्दल चुकला होतात, त्या दिवशी मोकळेपणाने मान्य करा. त्यात तुमचं काही जाणार नाही.

किती दिवस लागतील, हे मी सांगू शकत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्या विषयावर बोलतात म्हणून त्यांची प्राध्यापकी गेली, लिहितात म्हणून अश्लीलतेचे खटले झाले. १९२७ मध्ये सुरू केलेलं मासिक त्यांनी १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. आणि ज्या विषयाचं नाव काढायची लोकांना लाज वाटत होती तो १९५२ मध्ये सरकारी कार्यक्रम झाला. मधल्या तीसेक वर्षांत कितींनी त्यांना चक्रम म्हटलं असेल. तुमचं काम एवढं मोठं नाही आणि एवढी वर्षंही लागू नयेत, पण चार महिन्यांत खुर्ची भरली नाही म्हणून घाई करू नका.

आता त्या मुलाविषयी. त्याने तुम्हाला ‘मी तुमच्या बाजूने आहे’ असं म्हटलेलं नाही, ते लक्षात असू द्या. त्याने काम कसं करायचं ते विचारलंय. त्याची नोकरी नवी आहे, कदाचित अजून पक्कीही नाही. त्याला इन्चार्जसमोर उभं करू नका, त्याचं नाव कुठे घेऊ नका, सही करू नको असंही सांगू नका. ते त्याचं त्याला ठरवू दे. तुमच्यासारखं चार महिने एकट्याने जेवायची त्याच्यावर वेळ यावी, असं तुम्हालाही वाटत नसणार.

उद्या शिफ्ट सुटल्यावर त्याला त्या मशीनपाशी घेऊन जा, ज्याच्यावर तो हात वाचला. मशीन चालू असताना गार्ड उघडला की काय व्हायला हवं ते सांगा, हात कुठे ठेवायचा नाही ते आधी सांगा. एकदा तुम्ही करून दाखवा. मग बाजूला व्हा आणि त्याला स्वतःच्या हाताने करू द्या. मशीन थांबल्याचा आवाज त्याला ऐकू दे. आणि नाही थांबलं, तर वही उघडून तारीख, वेळ आणि मशीनचा नंबर त्याच्यासमोर लिहा. तो बघत राहील. घाई करू नका.